सिॲटलचा वाकडा कोपरा

सिॲटलच्या पायोनियर स्क्वेअरजवळ येस्लर वे नावाचा रस्ता टेकडीवरून थेट एलियट उपसागराच्या धक्क्यापर्यंत उतरतो, आणि त्याच्या दोन अंगांचे रस्ते एकमेकांशी जुळत नाहीत. दक्षिणेकडून येणारा रस्ता होकायंत्र लावून आखल्यासारखा नीट उत्तरेला जातो. येस्लर वे ओलांडला की तोच रस्ता एकाएकी डावीकडे कलतो आणि किनाऱ्याच्या कडेकडेने चालू लागतो. या बेबनावातून उरलेल्या त्रिकोणी तुकड्यावर आज एक मोटारतळ उभा आहे. रस्त्याचा उतार आणि तुकड्याचे निमुळते टोक यांमुळे तो पाण्यात तिरप्या गेलेल्या जहाजाच्या नाळेसारखा दिसतो, आणि गावातले लोक त्याला ‘बुडते जहाज’ असेच म्हणतात.

नोकरीनिमित्त या शहरात आल्यावर पहिली दोन वर्षे मी त्या कोपऱ्यावरून रोज जात होतो आणि हा नगररचनेतला ढिसाळपणा असावा, एवढीच माझी समजूत होती. माझे आजोबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची लोखंडी साखळी निवृत्तीनंतरही त्यांच्या माळ्यावर पडून होती, आणि लहानपणी तिच्या कड्या मोजत बसणे हा आमचा सुट्टीतला उद्योग असे. गावाकडे कुठे बांध वाकडा दिसला की ते थांबत आणि शेजारच्या माणसाला विचारत, “भांडण कुणाचं होतं?” येस्लर वेच्या कोपऱ्यावर हा प्रश्न मला सुचायला दोन वर्षे लागली, याची थोडी लाजच वाटते. सुचल्यावर मात्र मी शहराचे जुने नकाशे पाहू लागलो आणि डेनी नावाच्या एका कुटुंबाच्या जमिनीच्या व्यवहारांत चांगलाच अडकलो.

आर्थर डेनी हा इलिनॉयमधल्या नॉक्स परगण्याचा सरकारी मोजणीदार. त्याची साखळी सहासष्ट फुटांची, म्हणजे आजोबांच्या साखळीच्या बरोबर दुप्पट. दोन्ही साखळ्यांचे मूळ एकच, सतराव्या शतकातल्या एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाची साखळी. आजोबांची साखळी लांबीरुंदीला एकेकदा टाकली की एक गुंठा होतो आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आर्थरच्या साखळीने मोजला तरी एकर तेवढाच भरतो. १८५१च्या एप्रिलमध्ये हे कुटुंब बैलगाड्या जुंपून पश्चिमेला निघाले आणि ऑगस्टमध्ये पोर्टलंडला पोहोचले. तिथे सप्टेंबरमध्ये आर्थरची बायको मेरी बाळंत झाली. १३ नोव्हेंबर १८५१ रोजी ‘एक्झॅक्ट’ नावाच्या शिडाच्या जहाजातून मोठी दहा आणि लहान बारा अशी बावीस माणसे एलियट उपसागराच्या तोंडाशी अल्की येथे उतरली, तेव्हा पाऊस पडत होता आणि पुढे आलेल्या धाकट्या भावाने, एकोणीस वर्षांच्या डेव्हिडने, उभारलेल्या ओंडक्यांच्या खोपीला छप्पर नव्हते. बायका तिथेच रडू लागल्या, असे सगळे वृत्तान्त सांगतात. मेरीच्या कडेवर दहा आठवड्यांचा रोलंड होता. आईला दूध पुरत नव्हते, तेव्हा तिथल्या मूळ रहिवासी डुवामिश जमातीच्या बायकांनी त्याला शिंपल्यांचे पाणी पाजायला शिकवले आणि त्यावर ते मूल तगले. पुढच्या सगळ्या दस्तऐवजांआधी हा एक व्यवहार झाला होता आणि त्याची नोंद कोणत्याही कचेरीत झाली नाही.

या मंडळींची आपसातली नाती मराठी माणसाला कागद न घेता समजतील अशी आहेत. आर्थरची बायको मेरी बोरेन. तिची बहीण लुइझा पुढे डेव्हिडशी लग्न करून मोठ्या बहिणीची सख्खी जाऊ झाली. त्या दोघींचा भाऊ कार्सन बोरेन याच तांड्यात होता. आणि या तिघांची विधवा आई सारा हिने आर्थर-डेव्हिडच्या विधुर वडिलांशी आधीच लग्न केलेले होते. म्हणजे मेरी आणि लुइझा यांची आई हीच त्यांची सावत्र सासू. ही सोयरीक केवळ गमतीची नव्हे. अल्कीचा किनारा उघडा आणि वादळी होता, म्हणून १८५२च्या फेब्रुवारीत आर्थर, कार्सन बोरेन आणि विल्यम बेल यांनी होडीतून उपसागराच्या पूर्व किनाऱ्याची खोली मोजली. ओळंबा म्हणून त्यांनी मेरीची कपडे वाळत घालायची दोरी घेतली आणि तिच्या टोकाला घोड्याचे नाल बांधले. जहाजे लागतील एवढे खोल पाणी मिळाल्यावर त्यांनी तिथेच खुंट्या मारून जमिनीवर दावे सांगितले, आणि थोड्याच काळात भाऊ, मेहुणा आणि मित्र यांचे दावे एका हद्दीला दुसरी हद्द लागून किनाऱ्याच्या कडेने पसरले. त्या गावाची चतुःसीमा लिहायला बसलो तर एकाच कुटुंबाची नावे फिरून फिरून येतील.

ही जमीन मिळाली कशी, हे समजण्यासाठी २७ सप्टेंबर १८५०चा ओरेगन डोनेशन लँड ॲक्ट पाहावा लागतो. १ डिसेंबर १८५० पूर्वी त्या प्रदेशात येऊन राहिलेल्या गोऱ्या अमेरिकन नागरिकाला, किंवा ज्याचा एक पालक गोरा आणि एक इंडियन, म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी, आहे अशा माणसाला, सरकार ३२० एकर देत असे आणि तो विवाहित असेल तर जोडप्याला ६४०. त्या तारखेनंतर आलेल्यांना निम्मे. अट अशी की चार वर्षे तिथे राहायचे आणि जमीन कसायची. काळ्या माणसांना हा कायदा काहीच देत नव्हता. त्यातले एक कलम मात्र त्या काळाला आश्चर्यकारक होते: जोडप्याच्या जमिनीचा अर्धा भाग बायकोच्या स्वतःच्या नावावर होत असे. २३ जानेवारी १८५३ रोजी डेव्हिड आणि लुइझा यांचे लग्न आर्थरच्या खोपीत लागले, तेव्हा लग्नाने माणूस सुखी होतो की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी १६० एकरांचे ३२० होतात हे गणित उपस्थित सगळ्यांना ठाऊक असणार. कायदेमंडळाचा हेतू उघड होता. बायका असतील तर घरे होतील, घरे झाली तर गोऱ्यांची वस्ती टिकेल आणि ब्रिटिशांशी वाद घालून मिळवलेला हा प्रदेश हातात राहील.

मात्र हे दान देणाऱ्याची जमीन अजून त्याची झालेली नव्हती. अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे मूळ रहिवाशांचा हक्क तहाने संपवल्याशिवाय ती वाटता येत नसे, आणि उपसागराभोवतीच्या जमातींशी तह झाला तो २२ जानेवारी १८५५ रोजी, मकिल्टिओजवळ पॉइंट एलियट येथे. अमेरिकी सेनेटने त्याला मंजुरी दिली १८५९मध्ये. डेनी आणि बोरेन यांनी गावाचा नकाशा मात्र २३ मे १८५३ रोजीच दाखल केला होता आणि त्यातले प्लॉट विकायलाही घेतले होते. मोजणीदाराच्या नातवाला हे वाचताना अस्वस्थ व्हायला होते. खरेदीखत होण्याआधी फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर नाव चढले, असा हा प्रकार.

आता वाकड्या कोपऱ्याकडे येतो. डेनींच्या दक्षिणेला डॉक्टर डेव्हिड मेनार्ड या ओहायोहून आलेल्या माणसाचा दावा होता. हा माणूस दिलदार, बडबड्या, कर्जबाजारी आणि दारूचा शौकीन. वस्तीला तोवर डुवाम्प्स असे काहीतरी नाव होते. डुवामिश आणि सुक्वामिश यांच्या प्रमुखाचे, सिआह्लचे, नाव गावाला द्यावे ही कल्पना मेनार्डचीच. २३ मे १८५३च्या त्या दिवशी दोन्ही बाजूंचे नकाशे दाखल व्हायचे होते. डेनी आणि बोरेन यांनी आपले रस्ते किनाऱ्याला समांतर आखले होते, कारण त्यांची जमीन किनाऱ्याच्या वळणावर होती आणि माल धक्क्यावर न्यायचा होता. मेनार्डचा आग्रह असा की रस्ते होकायंत्राच्या उत्तरेलाच गेले पाहिजेत. दोघांनीही माघार घेतली नाही. पस्तीस वर्षांनी आर्थरने आठवणी लिहिल्या, त्यात डॉक्टरने त्या दिवशी जरा जास्त घेतली होती असे त्याने सौम्य पण नेमक्या शब्दांत नोंदवून ठेवले आहे. माझे मत विचाराल तर दारूचा यात फारसा दोष नसावा. मेनार्डची जमीन खाजण आणि सपाटीची होती, तिथे उत्तर-दक्षिण आखणी सोयीचीच होती. आर्थरची चढावर होती, तिथे किनारा धरणे सोयीचे. प्रत्येकाने आपल्या बांधाच्या आत बरोबर काम केले, आणि बांधावर ते चुकले.

त्या बांधावरच हेन्री येस्लर होता. १८५२च्या शेवटी तो वाफेवर चालणारी लाकडाची गिरणी घालायला जागा शोधत आला, तेव्हा बोरेन आणि मेनार्ड या दोघांनीही आपल्या हद्दी सरकवून त्याला किनाऱ्यापासून टेकडीपर्यंत एक चिंचोळी पट्टी मोकळी करून दिली. उपकाराचा भाग त्यात थोडा असेल, पण गिरणी आली तरच बाकीचे प्लॉट खपणार हे दोघांनाही कळत होते. त्या पट्टीवरून झाडांचे ओंडके घसरत गिरणीत येत, आणि तीच पुढे येस्लर वे झाली. उत्तरेच्या रस्त्यांना आर्थरने घरची नावे दिली. जेम्स आणि मेरियन हे दोन रस्ते त्याच्या जेम्स मेरियन नावाच्या भावाचे. शहराच्या मध्यभागातले रस्ते क्रमाने लक्षात राहावेत म्हणून इथले लोक ‘जीझस ख्राइस्ट मेड सिॲटल अंडर प्रोटेस्ट’ असे एक वाक्य पाठ करतात: दर शब्दाचे पहिले अक्षर दोन रस्त्यांचे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते शहराबद्दलचे मत वाटले होते.

मेनार्डच्या जमिनीचे पुढे जे झाले ते एखाद्या दिवाणी वकिलाने मुद्दाम रचावे असे आहे. तो १८५०मध्ये आलेला, म्हणून विवाहित माणूस या नात्याने त्याचा दावा पूर्ण ६४० एकरांचा होता. पण ज्या बायकोमुळे तो विवाहित ठरत होता ती लिडिया ओहायोतच राहिली होती. वाटेत त्याला कॅथरीन ब्रोशर्स नावाची विधवा भेटली होती. तिच्याशी लग्न करता यावे म्हणून त्याने १८५२च्या डिसेंबरात ओरेगनच्या विधिमंडळाकडून घटस्फोटाचा खास ठराव करून घेतला, ज्याची लिडियाला सूचनाही देण्यात आली नाही, आणि जानेवारी १८५३मध्ये त्याने कॅथरीनशी लग्न केले. काही वर्षांनी जमीन खात्याने विचारले की बायकोच्या वाट्याचे ३२० एकर नेमके कोणाचे? ते पाहायला लिडिया खुद्द सिॲटलला आली, आणि मेनार्डच्या घरात दोन्ही बायका एकाच छपराखाली राहिल्या, असे सांगतात. शेवटी निकाल असा लागला की लिडिया त्या जमिनीवर कधी राहिली नाही म्हणून ती तिची नाही, आणि कॅथरीन त्या ठरावीक तारखेला बायको नव्हती म्हणून तिचीही नाही. पूर्वेचा अर्धा भाग सरकारजमा. लिडियाच्या मुलांनी वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. मेनार्ड विरुद्ध हिल या नावाने १८८८मध्ये त्याचा निकाल लागला आणि मुले हरली. विवाह हा दोन माणसांमधला साधा करार नव्हे, त्यावर कायदेमंडळाचा अधिकार चालतो, हे सूत्र अमेरिकेतले वकील आजही या निकालातून उद्धृत करतात. निकाल लागला तेव्हा डॉक्टरला जाऊन पंधरा वर्षे झाली होती. त्याच्या ताब्यातले जे उरले होते तेही त्याने हातावर ठेवल्यासारखे विकले, वाटले आणि बदलून टाकले. १८५७मध्ये त्याने गावातले २६० एकर देऊन, ‘एक्झॅक्ट’मधूनच आलेल्या चार्ल्स टेरीकडून अल्कीची शेती घेतली, आणि शेती काही त्याला जमली नाही.

बोरेननेही आपला दावा १८५५मध्ये पाचशे डॉलरला विकून टाकला. आज त्याच जमिनीवर शहरातले सर्वांत उंच मनोरे आहेत. पुढच्याच वर्षीच्या जानेवारीत तहाने नाराज झालेल्या जमातींनी गावावर हल्ला केला, ‘डिकेटर’ या युद्धनौकेच्या तोफांमुळे गाव वाचले, आणि बेल कुटुंब घाबरून कॅलिफोर्नियाला निघून गेले. आर्थर मात्र राहिला. या सगळ्या व्यवहारांत मला त्याचा एकच विशेष दिसतो: बाकीचे जमीन विकत किंवा सोडून जात, आणि तो स्वतः हलत नसे.

तो कंजूष होता असेही नाही. १८६१मध्ये त्याने, टेरीने आणि एडवर्ड लँडरने मिळून दहा एकरांचे एक टेकाड प्रादेशिक विद्यापीठासाठी दिले. त्यातले आठ एकरांहून अधिक आर्थरचे. खरे तर त्याच्या डोक्यात राजधानी होती; डॅनियल बॅगली या पाद्रीने त्याला पटवले की राजधानीपेक्षा विद्यापीठ मागा. इमारतीसाठी पैसे उभे केले तेही जमिनीतूनच: काँग्रेसने विद्यापीठासाठी राखून दिलेले ४६,०८० एकर दीड डॉलर एकर या दराने विकायला काढण्यात आले. गावात तेव्हा महाविद्यालयात शिकेल असा विद्यार्थी जवळजवळ नव्हता. १८९५मध्ये विद्यापीठ शहराबाहेर गेले, पण ते दहा एकर विकले गेले नाहीत. शहराच्या ऐन मध्यावरच्या त्या जागेचे भाडे विद्यापीठ आजही घेते. या बक्षीसपत्राकडे मी कौतुकाने पाहतो आणि तेवढ्याच संशयाने. विद्यापीठ ज्या गावात असेल त्या गावात बाकीच्या प्लॉटची किंमत काय होईल, हे मोजणीदाराला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

धाकट्या डेव्हिडची गोष्ट वेगळी आहे. त्याचा दावा उत्तरेला, आज स्पेस नीडल हा शहराचा प्रसिद्ध मनोरा जिथे उभा आहे त्या भागात होता. त्याला स्थानिक भाषा येत होती आणि डुवामिश लोकांत त्याची ऊठबस होती. शहरातले पहिले उद्यान त्याने आणि लुइझाने दिलेल्या जागेवर आहे. आधी ती दफनभूमी होती, १८८४मध्ये थडगी हलवून तिचे उद्यान झाले. १८८०मध्ये ३,५३३ वस्तीचे हे गाव १८९०मध्ये ४२,८३७वर गेले, आणि मधल्या वर्षी, १८८९च्या जूनमध्ये, गावाचा मध्यभाग आगीत भस्मसात होऊनही ही वाढ थांबली नाही. अशा वेळी जमीनदार शांत बसला तरी श्रीमंत होतो. डेव्हिड शांत बसला नाही. त्याने लाकडाची गिरणी घेतली, ट्रामच्या कंपनीत पैसा ओतला, कर्ज काढले, आणि १८९३च्या मंदीत राहत्या बंगल्यासकट सगळे गमावले. १९०३मध्ये तो लिक्टन स्प्रिंग्सच्या साध्या घरात वारला. आर्थर चार वर्षे आधी, १८९९मध्ये, शहराचा पितामह म्हणून मानमरातबात गेला होता. दोन सख्खे भाऊ, दोन सख्ख्या बहिणी, लागून लागून जमिनी. आमच्या घरात दोन चुलत्यांच्या वाट्याला आलेल्या एकाच शेताच्या दोन तुकड्यांचे काय झाले ते मला माहीत असल्यामुळे, डेव्हिडबद्दल वाचताना माझ्याकडून तटस्थ राहणे होत नाही.

तरीही, ज्या कागदापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो त्याच्याशी दोघा भावांच्या भांडवलाचा काही संबंध नाही. ७ फेब्रुवारी १८६५ रोजी नव्या गावच्या विश्वस्तांनी पाचवा अध्यादेश काढला: एखाद्या गोऱ्या मालकाने कामावर ठेवून राहायला जागा दिली असेल तरच इंडियन माणसाला गावाच्या हद्दीत राहता येईल. पुढच्या वर्षी डुवामिशांसाठी नदीकाठी राखीव जमीन द्यावी असा प्रस्ताव आला, तेव्हा दीडशेहून अधिक वसाहतकऱ्यांनी त्याविरुद्ध अर्ज केला, आणि तो वॉशिंग्टनला पुढे पाठवला आर्थर डेनीने, कारण त्या काळात काँग्रेसमध्ये या प्रदेशाचा प्रतिनिधी तोच होता. ती जमीन मिळाली नाही. ज्याच्या मुलाला शिंपल्यांच्या पाण्याने जगवले गेले तो हाच माणूस, हे मी स्वतःला दोनदा सांगून पाहिले. तो दुष्ट होता असे मला म्हणवत नाही. त्याच्या साखळीत डुवामिश बसत नव्हते, इतकेच मला दिसते. जे मोजले जात नाही ते त्याला हरकत म्हणूनच भेटत असणार.

सिआह्लची मुलगी किकिसोब्लू, जिला कॅथरीन मेनार्डने अँजेलीन हे नाव दिले, तो अध्यादेश असतानाही गाव सोडून गेली नाही. पाइक रस्त्याखाली, धक्क्यालगतच्या खोपीत राहून तिने लोकांचे कपडे धुतले आणि शिंपले विकले. डोक्याला रुमाल बांधलेल्या, सुरकुतलेल्या त्या म्हातारीचे फोटो गावातल्या छायाचित्रकारांनी भरपूर विकले. १८९६मध्ये ती वारली आणि तिच्या इच्छेप्रमाणे लेक व्ह्यू दफनभूमीत हेन्री येस्लरच्या शेजारी होडीच्या आकाराच्या पेटीत तिला पुरले. त्याच टेकडीवर मेनार्ड, कॅथरीन आणि आर्थर डेनी आहेत. कॅथरीनच्या दगडावर, तिच्याने जे झाले ते तिने केले, अशा अर्थाचे वाक्य आहे.

डुवामिश जमातीला अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता अजून नाही. २००१च्या जानेवारीत एक सरकार जाता जाता ती मिळाली होती, पुढच्या सरकारने ती त्याच वर्षी काढून घेतली, आणि २०१५मध्ये पुन्हा नकार आला. जमातीने नदीच्या पश्चिम काठावर जमिनीचा एक तुकडा रीतसर विकत घेतला आणि २००९मध्ये तिथे लाकडी लाँगहाउस, म्हणजे जमातीचे लांबट सामूहिक घर, उघडले. शहरातले बरेच रहिवासी आता स्वखुशीने दरमहा जमातीला भाडे देतात. मीही देतो, आणि बँकेच्या पासबुकात ती नोंद भाड्याच्या रकान्यात यावी की देणगीच्या, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

गेल्या रविवारी तिथे गेलो होतो. बाहेर पडलो तेव्हा समोरच्या रस्त्यावरून बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रकांची रांग लागली होती, आणि पलीकडे जाईपर्यंत बराच वेळ थांबावे लागले. पलीकडे डुवामिश नदी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांसाठी तिची सगळी वळणे भरून टाकली आणि तिचा मोजून आखलेला सरळ कालवा केला. लाँगहाउससमोर, केलॉग बेटाच्या मागे, तिचे जुने एक वळण तेवढे राहिले आहे. ओहोटी होती. चिखलात एक बगळा उभा होता आणि पाणी अजून आपल्या जुन्या वाटेने वाकून जात होते.